काळ्या ठिपक्यांची वही : बेंजामिन फ्रँकलिन यांचे चरित्र

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम आपल्याच समाजातील दानशूर आणि विद्वान मंडळींची नावे डोळ्यांसमोर आली. त्यांची चरित्रे अधिकारी लेखकांच्या हातून लिहिली गेली आहेत आणि पुढेही लिहिली जातील. मी मात्र एका परदेशी मुद्रकाची निवड केली आहे. धर्माने, देशाने वा भाषेने त्यांचा आपल्याशी संबंध नाही आणि त्यांचे आयुष्य निर्दोषही नव्हते. परंतु स्वतःच्या दोषांचा रोजच्या रोज हिशेब मांडण्याचा जो उद्योग त्यांनी ऐन तारुण्यात केला आणि तो कितपत साधला, कुठे फसला, हे उतारवयात मोकळेपणाने लिहून ठेवले, त्यामुळे सवयी लावून घेण्याच्या विषयात त्यांचे चरित्र टाळून पुढे जाता येत नाही. ज्यांच्या घरी सायंकाळी प्रतिक्रमणाचा परिपाठ आहे, त्यांना तर हा गृहस्थ फारसा परका वाटणार नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी उत्तर अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. अमेरिका हे राष्ट्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. किनाऱ्यालगतच्या वसाहतींवर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. वडील जोसाया इंग्लंडहून येऊन तेथे स्थायिक झालेले. साबण आणि मेणबत्त्या तयार करून विकणे हा त्यांचा व्यवसाय. दोन विवाहांपासून त्यांना सतरा अपत्ये झाली, त्यांतील बेंजामिन हे पंधरावे. मुलाला धर्मोपदेशक करावे असा वडिलांचा मानस होता. पण एवढ्या मोठ्या प्रपंचात शिक्षणाचा खर्च झेपेना. जेमतेम दोन वर्षांत शाळा सुटली. त्या काळात अंकगणिताने त्यांना दाद दिली नाही. दहाव्या वर्षी ते वडिलांच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती कापू लागले आणि बाराव्या वर्षी थोरले बंधू जेम्स यांच्या छापखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. एकविसाव्या वर्षापर्यंत तेथेच राबण्याचा करार होता.

छापखान्यात एक लाभ झाला, पुस्तके दिसू लागली. पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानातील उमेदवारांशी त्यांनी मैत्री केली. सायंकाळी पुस्तक आणायचे, रात्र जागून वाचायचे आणि सकाळी ते जागेवर नसल्याचे कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी परत पोहोचवायचे, असा क्रम सुरू झाला. पुस्तक मळू नये याची काळजी ते कटाक्षाने घेत. पुढे त्यांनी लेखन शिकण्यासाठी जी रीत शोधून काढली, ती आजच्या विद्यार्थ्यांनीही नजरेखालून घालावी अशी आहे. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्यांच्या हाती पडला. त्यातील निबंध वाचून ते प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे काढत. काही दिवस ती बाजूला ठेवीत. मूळ मजकूर मनातून पुसट झाला, की टिपणांवरून तोच निबंध आपल्या शब्दांत उभा करीत आणि मग मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करीत. शब्दसंपत्ती तोकडी पडते असे दिसल्यावर त्यांनी काही गोष्टी पद्यात रचल्या आणि पद्य विसरल्यावर पुन्हा गद्यात आणल्या. कधी टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटून ठेवले व काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावून पाहिला. विचारांची मांडणी शिकण्याचा हा मार्ग. यासाठी वेळ मिळे तो काम सुरू होण्यापूर्वी पहाटे किंवा काम संपल्यावर रात्री. शिक्षक कोणीच नव्हता. चूक शोधणारे आणि ती सुधारणारे ते स्वतःच. पुढे स्वभावाच्या बाबतीत त्यांनी जे केले, त्याचे बीज या टिपणांत आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षी थॉमस ट्रायन नावाच्या इंग्रज लेखकाचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक वाचून त्यांनी मांसाहार सोडला. घरातील मंडळींना हा विक्षिप्तपणा वाटला आणि बोलणीही खावी लागली. तेव्हा त्यांनी बंधूंपुढे प्रस्ताव ठेवला, की माझ्या जेवणावर आठवड्याला जेवढा खर्च होतो त्याच्या निम्मे पैसे मला द्या, माझे मी पाहीन. ट्रायनच्या पुस्तकातील बटाटे, भात आणि खिरीसारखे काही पदार्थ ते करायला शिकले होते. मिळालेल्या पैशांतील निम्मे शिल्लक राहू लागले आणि त्यांची पुस्तके येऊ लागली. दुसरा लाभ वेळेचा. बाकीचे कामगार जेवायला गेले, की हा मुलगा पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पेलाभर पाणी एवढ्यावर आटोपून छापखान्यात एकटाच वाचत बसे. हलक्या आहाराने डोके ताजे राहते, हा अनुभव त्यांना तेव्हा आला. शाळेत हुलकावणी दिलेले अंकगणितही याच वेळात आत्मसात झाले.

हे व्रत टिकले का? टिकले नाही आणि ते कसे मोडले हे त्यांनी लपवलेले नाही. बोस्टन सोडून जाताना समुद्रात वारा पडला आणि जहाज अडकून पडले. खलाशांनी मासे पकडून तळायला घेतले. जीवहत्येला सबळ कारण नसते, हा विचार तोवर मनात पक्का होता. पण पूर्वी मासे त्यांच्या विशेष आवडीचे आणि कढईतून येणारा वास अनावर. काही काळ तत्त्व आणि इच्छा यांत झगडा चालला. मग त्यांना आठवले, की मासा चिरताना त्याच्या पोटात लहान मासे निघाले होते. मासे एकमेकांना खातात, तर आपण त्यांना का खाऊ नये, असा युक्तिवाद सुचला आणि ते जेवायला बसले. बुद्धिमान प्राणी असण्याची केवढी सोय आहे, मनात येईल त्या गोष्टीला कारण शोधता येते, अशा अर्थाची थट्टा पुढे त्यांनी स्वतःचीच केली. शाकाहाराकडे ते मधूनमधून वळत राहिले. फिलाडेल्फियात कायमर या मालकासह त्यांनी काही महिने तो पाळला. शेजारणीला चाळीस पदार्थांची यादी करून दिली आणि त्यांतील पदार्थ ती आलटून पालटून शिजवून देई. परंतु या खेपेस हेतू बराचसा काटकसरीचा होता. आपल्या दृष्टीने हा व्रतभंगच. तरी या प्रसंगातला एक बारकावा माझ्या मनात राहून गेला आहे : मोडलेल्या नियमाचे त्यांनी समर्थन केले नाही, समर्थन करणारी बुद्धी उघडी पाडली.

बंधूंशी पटेना, म्हणून १७२३ मध्ये सतराव्या वर्षी करार मोडून ते निघाले आणि न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियास पोहोचले. खिशात एक डच डॉलर आणि थोडी चिल्लर होती. दुसऱ्याच वर्षी एका गव्हर्नराच्या पोकळ आश्वासनावर विसंबून ते लंडनला गेले. तेथे पोहोचल्यावर कळले, की ज्या पतपत्रांवर छापखान्याचे सामान खरेदी करायचे, ती लिहिलीच गेली नव्हती. परक्या शहरात मोलमजुरी करणे भाग पडले.

लंडनच्या छापखान्यातील एक हकीकत आरोग्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तेथील कामगार दिवसभर बियर पीत. न्याहारीपूर्वी, न्याहारीबरोबर, दुपारी, संध्याकाळी आणि काम संपल्यावर, अशी एकाची मजल सहा पाइंटांपर्यंत जाई. अंगात जोर यावा म्हणून हे पेय आवश्यक आहे, अशी त्यांची श्रद्धा. फ्रँकलिन केवळ पाणी पीत. इतरांना एक जड फर्मा दोन्ही हातांनी उचलावा लागे, तर हे दोन हातांत दोन फर्मे घेऊन जिना चढत. बियरमधील पौष्टिकता तिच्यात विरघळलेल्या धान्याएवढीच, तेव्हा एका पेनीचा पाव खाल्ल्यास अधिक बळ येईल, असे त्यांनी सहकाऱ्यांना समजावले. काहींना पटले, बहुतेकांना नाही. आणि न पटलेल्यांना शनिवारी पगारातून पिठ्याचे देणे चुकते करावे लागे. नियमित पोहण्याचाही त्यांना छंद होता. थेम्स नदीत चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंतचे अंतर त्यांनी एकदा पोहून काढले.

१७२६ साली ते परत निघाले. जहाजावर त्यांनी पुढील आयुष्यासाठी वागणुकीचा एक आराखडा तयार केला. कर्ज फिटेपर्यंत काटकसर, बोलण्यात सत्य, हाती घेतलेल्या कामात चिकाटी आणि कोणाचीही निंदा न करणे, असे त्याचे स्वरूप. कर्जाचा उल्लेख सहज आलेला नाही. एका परिचिताने वसुलीसाठी सोपवलेली सुमारे पस्तीस पौंडांची रक्कम त्यांच्या हातून खर्च झाली होती. त्यातील बरीचशी एका व्यसनी मित्राला उसनी दिली गेली. ती मागितली गेली असती तर अब्रू गेली असती. काही वर्षांनी त्यांनी ती सव्याज परत केली. आपल्या आयुष्यातील अशा चुकांना ते मुद्रकाच्या भाषेत छपाईचे दोष म्हणत. दुसऱ्या आवृत्तीची संधी मिळाली तर हे दोष दुरुस्त करून तेच आयुष्य पुन्हा जगायला आपली हरकत नाही, अशी त्यांची वृत्ती होती.

फिलाडेल्फियात दोन मित्रांनी भांडवल दिले आणि छापखाना स्वतःच्या मालकीचा झाला. १७२९ पासून ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र त्यांच्या हाती आले, १७३० मध्ये डेबोरा रीड यांच्याशी संसार सुरू झाला आणि १७३२ च्या अखेरीस ‘गरीब रिचर्ड’चे वार्षिक पंचांग निघू लागले. ते पंचवीस वर्षे चालले आणि वर्षाला सुमारे दहा हजार प्रती खपत. बाजारात पत टिकावी म्हणून ते साधे कपडे घालीत आणि खरेदी केलेला कागद कधी कधी स्वतः ढकलगाडीवर घालून भर रस्त्याने आणीत. उद्योगी असणे पुरेसे नाही, लोकांना तसे दिसलेही पाहिजे, हे त्यांचे धोरण होते. यात थोडा दिखाऊपणा आहे असे कोणी म्हणाले, तर मी विरोध करणार नाही. मात्र दिव्यात तेल नसताना कोणी असा उजेड पाडू शकत नाही, हेही खरे. १७२७ मध्ये त्यांनी ‘जंटो’ नावाचे एक मंडळ स्थापले होते. छापखानेवाले, सुतार, चांभार, कारकून असे होतकरू तरुण दर शुक्रवारी सायंकाळी जमत आणि एखाद्या प्रश्नावर चर्चा करीत. ठामपणे विधान करणाऱ्यास किंवा दुसऱ्याचे बोलणे तोडून टाकणाऱ्यास किरकोळ दंड भरावा लागे. याच मंडळातून १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे वाचनालय उभे राहिले. पन्नास वर्गणीदार, प्रत्येकी चाळीस शिलिंग. या वाचनालयात स्वतः फ्रँकलिन रोज एक-दोन तास अभ्यास करीत, कारण राहून गेलेले शिक्षण भरून काढायचे होते.

आता त्या वहीकडे वळू. १७३० च्या सुमारास, पंचविशीच्या आसपास, नैतिक पूर्णत्व गाठण्याचा धाडसी संकल्प त्यांच्या मनात आला. योग्य काय आणि अयोग्य काय हे आपल्याला कळते, तर योग्य तेच नेहमी का करू नये, असा साधा प्रश्न. लवकरच अनुभव आला, की एका दोषाकडे लक्ष द्यावे तर दुसरा बेसावधपणे आत शिरतो. बुद्धीपेक्षा सवय बलवत्तर ठरते आणि बेसावध क्षणी जुना ओढा विवेकाला मागे टाकतो. तेव्हा नुसत्या इच्छेवर विसंबून न राहता पद्धत हवी, असे त्यांनी ठरवले.

त्यांनी प्रथम बारा गुण निवडले. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटता, न्याय, संयम, स्वच्छता, मनःशांती आणि ब्रह्मचर्य, असा तो क्रम. क्रमामागे विचार होता. खाण्यापिण्यावर ताबा असला तर डोके स्वच्छ राहते, म्हणून मिताहार पहिला. स्वच्छ डोक्याने मौन साधते, आणि मौनाने ज्ञान मिळते, कारण ते तोंडापेक्षा कानांनी अधिक मिळते. व्यवस्थितपणाने वेळ हाती येतो, निश्चयाने पुढचे सगळे पार पडते. ही यादी त्यांनी एका क्वेकर मित्राला दाखवली. मित्राने मृदू शब्दांत सांगितले, की लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात. वादात तुमचे म्हणणे बरोबर असले एवढ्यावर तुमचे समाधान होत नाही, समोरच्याला खाली दाखवावे लागते. मित्राने उदाहरणेही दिली. फ्रँकलिन यांनी ते मान्य करून यादीत तेरावा गुण लिहिला, नम्रता.

मग त्यांनी एक छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर लाल शाईने वाराचे सात उभे रकाने आणि गुणांच्या तेरा आडव्या ओळी. दिवस संपल्यावर आत्मपरीक्षण करायचे आणि ज्या गुणाविरुद्ध वर्तन घडले असेल, त्या घरात काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात लक्ष मात्र एकाच गुणावर. पहिल्या आठवड्यात मिताहाराच्या ओळीत एकही ठिपका पडू द्यायचा नाही. बाकीच्या ओळींत जे घडेल ते प्रामाणिकपणे टिपायचे. ती ओळ स्वच्छ राहिली, की पुढच्या आठवड्यात दोन ओळी स्वच्छ ठेवण्याचा यत्न. बागेतील तण काढणारा माळी सगळी बाग एकदम हाती घेत नाही, वाफ्यामागून वाफा साफ करतो, तसा हा हिशेब. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार.

वहीत दिवसाचे वेळापत्रकही होते. पहाटे पाचला उठून आज कोणते सत्कार्य करायचे असा प्रश्न स्वतःला विचारायचा, स्नान-प्रार्थना उरकून दिवसाची आखणी करायची, थोडा अभ्यास आणि न्याहारी. आठ ते बारा काम. दोन तास जेवण, वाचन आणि हिशेब तपासणी. पुन्हा सहापर्यंत काम. सायंकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, भोजन, संगीत किंवा गप्पागोष्टी आणि झोपण्यापूर्वी आज कोणते सत्कार्य घडले याची उलटतपासणी. दहाला झोप. पाहण्यासारखे हे, की चोवीस तासांत कामाला आठच तास दिले होते आणि झोपेला सात. दिवसाच्या दोन्ही टोकांना प्रश्न आणि मधे काम. व्यापारी मंडळी जसा दुकान बंद करताना गल्ला मोजतात, तसे काहीसे.

ठिपके पाहून त्यांना धक्का बसला. आपल्यात एवढे दोष असतील अशी कल्पना नव्हती. तथापि ते कमी होताना पाहण्याचे समाधानही मिळू लागले. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरडून काढावे लागत, त्यामुळे कागदाला भोके पडली. तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर पक्क्या लाल रेघा आखल्या, शिसपेन्सिलीने ठिपके द्यायचे आणि ओल्या स्पंजाने पुसायचे. पुढे वर्षाला एकच फेरी होऊ लागली, नंतर काही वर्षांत एक आणि प्रवास व सार्वजनिक कामांच्या गर्दीत ती थांबली. पण वही ते सोबत बाळगीत. माझ्या कपाटात दिवाळी पाडव्याला उत्साहाने सुरू केलेल्या आणि मार्गशीर्षात कोऱ्या राहिलेल्या काही दैनंदिन्या आहेत. त्यामुळे दोष पुसून पुसून कागद फाटेपर्यंत वही वापरली, ही साधी गोष्ट मला त्यांच्या कित्येक मोठ्या कामांहून अवघड वाटते.

तेरा गुणांपैकी व्यवस्थितपणाने त्यांना सर्वाधिक छळले. स्मरणशक्ती उत्तम असल्यामुळे वस्तू कुठेही टाकल्या तरी अडत नसे, आणि भेटीला येणाऱ्यांमुळे वेळापत्रक कोलमडे. शेवटी हा दोष आपल्यात राहणारच, असे मानण्याकडे मन झुकले. आपल्या या माघारीवर त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धार जशी चकाकते तसे सगळे पाते चकाकावे असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, तुम्ही चाक फिरवा, मी घासतो. चाक ओढता ओढता हा माणूस थकला, पुन्हा पुन्हा येऊन पाते पाहू लागला आणि अखेर आहे तशी कुऱ्हाड द्या म्हणाला. अजून ठिपके आहेत, चाक फिरवत राहा, असे लोहाराने सांगितल्यावर तो उत्तरला, की मला ठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते. आपली गतही तशीच झाली, हे फ्रँकलिन कबूल करतात. फ्रान्समध्ये त्यांच्यासोबत राहिलेले जॉन अ‍ॅडम्स त्यांच्या उशिरा उठण्याबद्दल आणि अस्ताव्यस्त पडलेल्या कागदपत्रांबद्दल सतत कुरकुरत असत.

नम्रतेच्या बाबतीतला कबुलीजबाब तर अधिक परखड आहे. खरी नम्रता आपल्याला साधली नाही, तिचा देखावा मात्र बऱ्यापैकी जमला, असे ते सांगतात. निश्चितपणे, निःसंशय असे शब्द त्यांनी बोलण्यातून काढून टाकले. मला असे वाटते, सध्या तरी असे दिसते, अशी भाषा वापरू लागले. समोरच्याचे चुकत असले तर काही परिस्थितीत तुमचे म्हणणे बरोबर ठरेल, येथे मला थोडा फरक वाटतो, अशी सुरुवात करीत. प्रारंभी हे जड गेले, नंतर अंगवळणी पडले. ते वक्ते नव्हते, बोलताना अडखळत. तरी सभांमधून त्यांचे म्हणणे बहुधा मान्य होई. त्याचे श्रेय ते या सवयीला देत.

ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना रस वाटेल अशा दोन गोष्टी येथेच सांगतो. वाचनालयाची वर्गणी मागताना त्यांच्या ध्यानी आले, की योजना माझी असे म्हटले, की लोक हात आखडतात. तेव्हापासून प्रत्येक उपक्रम ते काही मित्रांचा विचार म्हणून मांडू लागले आणि स्वतः मागे राहिले. दुसरी गोष्ट १७५१ च्या रुग्णालयाची. विधानसभा पैसे देईना. त्यांनी असे विधेयक मांडले, की नागरिकांनी दोन हजार पौंड जमवले तरच सरकारने दोन हजार द्यावेत. एवढी रक्कम जमणारच नाही, या समजुतीने विरोधकांनी फुकटचे औदार्य दाखवून संमती दिली. आपल्या प्रत्येक पौंडाला सरकारचा पौंड जोडला जाणार म्हटल्यावर वर्गण्यांचा ओघ लागला. रक्कम पुरी झाली आणि रुग्णालय उभे राहिले.

१७४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, धंदा भागीदाराच्या हाती सोपवून ते मोकळे झाले. हाती वेळ यावा, हाच काटकसरीचा आणि उद्योगाचा हेतू होता. पुढील काही वर्षांत त्यांनी विजेवर प्रयोग केले. १७५२ मधील पतंगाचा प्रयोग शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळईची कृती त्यांनी आपल्या पंचांगात छापून टाकली; आपल्या शेगडीचे एकाधिकारपत्रही त्यांनी नाकारले.

मौन आणि मनःशांती या दोन ओळींची खरी परीक्षा २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनमध्ये झाली. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नराची खासगी पत्रे उघड केल्याच्या प्रकरणात त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे बोलावले गेले. सॉलिसिटर जनरल वेडरबर्न यांनी सुमारे तासभर त्यांच्यावर शब्दांचे आसूड ओढले. सरदार मंडळी हसत होती, बाके थोपटत होती. अडुसष्ट वर्षांचे फ्रँकलिन मखमली पोशाखात संपूर्ण वेळ उभे राहिले. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही आणि तोंडातून शब्द निघाला नाही. दोनच दिवसांत त्यांचे टपाल खात्यातील पद काढून घेण्यात आले. चार वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रान्सशी मैत्रीचा करार करताना त्यांनी तोच मखमली पोशाख घातला होता, असे सांगतात.

येथपर्यंतची कथा ऐकून वही यशस्वी झाली असे वाटेल. पण चरित्रकाराने पानाची मागची बाजूही उलटून पाहिली पाहिजे. पत्नी डेबोरा समुद्रप्रवासाला भीत, त्यामुळे फिलाडेल्फियातच राहिल्या. १७६४ मध्ये पतीने घर सोडले, ते डिसेंबर १७७४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत दोघांची भेट झाली नाही. मुलगा विल्यम राजाच्या बाजूने राहिला, तेव्हा तुटलेले नाते कधी नीट सांधले गेले नाही. आरोग्याचे नियम शिकवणारा हा माणूस उतारवयात स्थूल झाला, तासन्‌तास बुद्धिबळ खेळत बसला आणि संधिवाताने व मुतखड्याने गांजला. १७८० मध्ये त्यांनी एक विनोदी संवाद लिहिला. त्यात संधिवात स्वतःच त्यांना चालायचे सोडून बसून राहिल्याबद्दल फैलावर घेतो.

सर्वांत मोठा ठिपका मात्र गुलामगिरीचा. १७३० च्या दशकापासून अनेक वर्षे त्यांच्या घरात गुलाम होते. त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती छापल्या जात आणि त्यांचे पैसे रोजमेळात जमा होत. वहीच्या आठव्या ओळीत न्याय हा शब्द लाल शाईच्या रेघांमध्ये लिहिलेला होता. त्याच ओळीत या गोष्टीसाठी ठिपका द्यावा, असे तेव्हा त्यांना सुचलेले दिसत नाही. सभोवतालचा समाज ज्याला दोष मानीत नाही, तो दोष कोणत्याही वहीत उमटत नाही. १७६३ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेस भेट दिल्यावर त्या मुलांची ग्रहणशक्ती गोऱ्या मुलांइतकीच आहे, हे त्यांनी मान्य केले. मत बदलत गेले, कृती फार सावकाश झाली. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरी निर्मूलन संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज नव्या राष्ट्राच्या संसदेपुढे आला. संसदेने तो बाजूला सारला. मृत्यूच्या महिनाभर आधी, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी गुलामगिरीच्या समर्थकांची टर उडवणारा लेख वृत्तपत्रात छापून आणला. तो त्यांचा अखेरच्या लेखनांपैकी एक.

दरम्यान १७७६ चे स्वातंत्र्याचे घोषणापत्र, १७८३ चा पॅरिसचा तह आणि १७८७ ची राज्यघटना या तिन्हींवर त्यांची सही झाली होती. घटना परिषदेत ते सर्वांत वयोवृद्ध, एक्याऐंशी वर्षांचे. अखेरच्या दिवशी त्यांचे भाषण एका सहकाऱ्याने वाचून दाखवले. घटनेतील काही भाग मला पटत नाहीत, पण वय वाढले तसा स्वतःच्या निर्णयाबद्दलचा माझा संशयही वाढला आहे. प्रत्येकाने आपल्या अचूकपणाविषयी थोडी शंका बाळगून सही करावी, असा त्याचा आशय होता. क्वेकर मित्राने सुचवलेली तेरावी ओळ तोवर साठ वर्षे होत आली होती. हा देखावा होता की खरी नम्रता, हे आता कोणी सांगावे?

१७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक होते.

मृत्युपत्राच्या पुरवणीत त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. आरंभी दोन मित्रांनी दिलेल्या कर्जावर आपला धंदा उभा राहिला, याची आठवण ठेवून ही रक्कम उमेदवारी पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतील विवाहित कारागिरांना पाच टक्के व्याजाने द्यावी, वसूल झालेले पैसे पुन्हा दुसऱ्याला द्यावेत, शंभर वर्षांनी काही भाग लोकोपयोगी कामाला लावावा आणि उरलेला आणखी शंभर वर्षे तसाच फिरवावा, अशी तरतूद होती. बोस्टनमध्ये पहिल्या शंभर वर्षांच्या रकमेतून १९०८ साली तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू झाली. १९९० मध्ये दोनशे वर्षांची मुदत संपली, तेव्हा बोस्टनच्या खात्यात सुमारे पन्नास लाख आणि फिलाडेल्फियाच्या खात्यात सुमारे वीस लाख डॉलर्स शिल्लक निघाले.